अष्टमीची लाट

"मॅडम, ती लाट आमची न्हाय."

फोनवर सोनाबाई होती, दिवेआगरची मासेवाली. तिचा मुलगा स्वप्निल चार दिवसांपूर्वी बुडाला, असं गाव म्हणत होतं. प्रेत मिळालं नव्हतं. पुरावा एकच, त्याचा भागीदार प्रज्योत याच्या गच्चीवरच्या कॅमेऱ्यातलं दृश्य. स्वप्निल पाण्याकडे चालत जातो आणि लाट त्याला गिळते.

फौजदार प्रज्ञा गायकवाड गाडीत बसली. इतक्या आयांची रडणी तिने ऐकली होती, की आता आत काही हलत नसे.

दिवेआगरला भेटलेली सोनाबाई रडत नव्हती. प्रज्ञाच्या फोनवरच्या त्या दृश्यावर तिने बोट ठेवलं. "त्या दिशी अष्टमी व्हती. भांगाची भरती. पानी अर्ध्या वाळूतच थांबतं. ह्यात तर पार सुरूच्या झाडांपत्तूर चढलंय."

प्रज्योत आणि स्वप्निल जाहिरातींसाठी संगणकावर समुद्र बनवत. प्रज्योतच्या वाडीत एका पोफळीखाली माती ताजी उकरलेली होती. प्रज्ञा तिला वळसा घालून आत गेली.

"समुद्र बनवता कसा?" तिने प्रज्योतला विचारलं.

"नॉइज वापरतो. आकड्यांतून काढलेला गोंधळ म्हणा. हा आकडा वाढवला की लाट उंच."

"आणि हा?"

"सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा. तो बदलला की लाटांची मांडणी बदलते. नाहीतर त्याच लाटा पुन्हा येतात."

"स्वप्निल काम सोडणार होता?"

"मुंबईला चालला होता, आमचा समुद्र घेऊन. पण भांडण नव्हतं हं आमचं."

भांडणाचं कुणी विचारलंच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं.

प्रज्ञाने त्यांची जुनी जाहिरात मागवली, दोन्ही दृश्यं शेजारी लावली आणि प्रज्योतला समोर बसवलं.

"सातव्या सेकंदाला डावीकडे लाट फुटते. दोन्हीकडे. मग उजवीकडे दोन जोडून. दोन्हीकडे. खरा समुद्र असं करत नाही. माणूस बुडावा म्हणून तुम्ही लाटेची उंची वाढवलीत, सीड मात्र तोच ठेवलात. स्वप्निलचं चालणं जुन्या चित्रीकरणातलं उचललंत. तारीख घातलीत, पण तिथी बघितली नाहीत. कोळ्यांच्या गावात राहून! तो समुद्रावर गेलाच नाही. पोफळीखाली आहे ना?"

प्रज्योत पडद्याकडेच बघत राहिला. "मी त्याला नुसतं ढकललं. वाडीतल्या विहिरीच्या काठावर डोकं आपटलं."

संध्याकाळी प्रज्ञाने सोनाबाईला सगळं सांगितलं.

"चार दिस मी दर्याला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "आधी त्याची माफी मागून येते. मंग पोराला बघते."

प्रज्ञा सोनाबाईच्या मागोमाग वाळूत चालत गेली.