कुंकवाची डिस्क

फोपनारचा निंबा केळी न आणता आला, तेव्हाच देवरामने ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

देवराम निवृत्त पोस्टमन. अठ्ठावीस वर्षं लोकांची पाकिटं वाटली, पण पाकिटात काय असेल हे त्याला एकदाही ओळखता आलं नाही. तरी सुनंदाताई प्रत्येक तपासाला त्यालाच सोबत नेत. आधी त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या, आता खाजगी तपास करत.

"ताई, माह्या मालूबाईचा आवाज चोरीले गेला," निंबा म्हणाला आणि खालीच बसला.

निंबाची बायको मालूबाई पंचक्रोशीत लग्नाची गाणी म्हणायची. घशात गाठ निघाली. ऑपरेशनआधी लोधीपुऱ्यातल्या श्रीकांतच्या स्टुडिओने तिच्या गाण्यांची तासाभराची फिल्म केली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. काल निंबा फिल्म घ्यायला गेला, तर डिस्क कोरी.

"आता बोलताच येत नाही तिले. ते गाणं तरी ऐकू द्या."

स्टुडिओत श्रीकांत तापलेला होता. त्याने एक काळी डिस्क टेबलावर आपटली. "हीच ती. शंभर जीबीची फाईल. हिच्यावर टाकायला तास लागतो. माणूस जेवून येतो. आणि हा गिरधर सांगतो, पाच मिनिटांत झालं! विकली असेल कुणाला. आजच घरी पाठवतो त्याला."

"कॉम्प्युटरवर नाही?" सुनंदाताईंनी विचारलं.

"जागा नव्हती. सेव्ह झालं म्हणाला, म्हणून मीच तिथली फाईल पुसायला सांगितली."

गिरधर कोपऱ्यात उभा होता. एडिटिंग करून डोळे तांबारलेले. घरात कमावता तो एकटा.

"ताई, सच सांगतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी श्रीकांतभाऊ बाहेर होते. फोनवर म्हणाले, कुंकवाची काळी डिस्क लाव. मी लावली. चहा मागवला. चहा यायच्या आत स्क्रीनवर 'पूर्ण' आलं. मलाही अजीब वाटलं, पर म्हटलं, चला, आज नशीब जोरावर आहे."

देवरामने सुनंदाताईंच्या कानात सांगितलं, "पोरगा खोटं बोलतो. चोराच्या मनात चांदणं."

"चांदणं नंतर बघू. डिस्कला कुंकू कशाला?"

श्रीकांतची बायको सुलभा पुढे आली. "दर खंडेनवमीला कॅमेरे, दिवे, डिस्क, सगळं पाटावर मांडून पूजते मी. फिल्मच्या डिस्कला कुंकू असतंच, वर्षभर टिकतं. यंदाही ओल्या फडक्यानं सगळं पुसलं आणि नव्या वस्तूपासून सुरुवात केली. मधेच कुंकू सरलं. जुन्यांना मग नुसती हळद लावली."

"नवी वस्तू कोणाची?"

"माझी," कॅमेरामन भिकन म्हणाला. "डिस्कच घेतली ना, ताई. काळीच, पर एकदम तेज. पूजेनंतर दोन दिवस पाटावरच होती, मग पेटीत ठेवली. अजून कोरी आहे. उद्या खंडव्याचं लग्न, आता बसून फॉर्मॅट मारणार होतो."

"कॅमेऱ्याची कार्डं?"

"ती दिवाळीच्या कार्यक्रमात पुसून वापरली. आमची रीतच आहे ती."

सुनंदाताईंनी टेबलावरची डिस्क उचलून खिडकीशी नेली. मग कॉम्प्युटरला लावून गिरधरला म्हणाल्या, "एखादी मोठी फाईल टाक. देवराम, चहा सांग."

चहा आला, पिऊन झाला. देवरामने दुसराही घेतला. स्क्रीनवरची पट्टी जेमतेम चौथाईला पोहोचली होती.

"बघा!" श्रीकांत म्हणाला. "पाच मिनिटांत अशक्य."

"या डिस्कवर अशक्य," सुनंदाताई म्हणाल्या. "तुम्ही सगळे म्हणालात, डिस्क खरी, म्हणून गिरधरची वेळ खोटी. मी उलटं धरलं. वेळ खरी असेल, तर डिस्क दुसरी."

त्यांनी डिस्क काढून हातात घेतली.

"घागर किती वेळात भरते, ते तिच्या तोंडावर असतं. ही जुनी डिस्क सेकंदाला तीस एमबी घेते. शंभर जीबीला तास लागणारच. तेज डिस्क सेकंदाला चारशे घेते, म्हणजे चार-पाच मिनिटं. चोराला थाप मारायची असती, तर त्याने तासच सांगितला असता. कुणाला न पटणारी वेळ खरं बोलणाराच सांगतो. आता ही डिस्क बघा. कडेला हळद आहे. कुंकू कुठंय?"

देवरामने चष्मा पुसून पाहिलं. नुसती पिवळी धूळ होती.

"श्रीकांतभाऊंच्या डोक्यात गेल्या वर्षीचं कुंकू. पण यंदा काळ्या डिस्कांत कुंकू लागलं एकट्या नव्या डिस्कला, आणि त्या दिवशी ती पाटावरच होती. सांगितल्याप्रमाणे गिरधरने तीच उचलली, काम झाल्यावर पाटावर ठेवली. भिकन, पेटी आण. आणि देवाशपथ, काही दाबू नकोस!"

भिकनने पेटी आणून उघडली. पेटीतून काळी डिस्क निघाली, वर लाल टिळा. गिरधरने ती जोडली. फाईल एकच होती, शंभर जीबीची.

सुनंदाताईंनी आधी तिची दुसरी प्रत करवली. तोवर निंबा बहादरपूरला लेकीकडे विसावलेल्या मालूबाईला रिक्षाने घेऊन आला.

फिल्म सुरू झाली. भरदार, किंचित खरखरीत आवाज खोलीभर पसरला. मालूबाईने गळ्यावरच्या पट्टीवर हात ठेवला. तिचे ओठ गाण्याबरोबर हलत होते, आवाज समोरून येत होता. देवरामला रडू आवरेना, आणि त्याने ते आवरलंही नाही.

गाणं संपल्यावर श्रीकांत गिरधरजवळ गेला. "चुकलो रे. माफ कर," एवढंच त्याला जमलं.

निंबाने सुनंदाताईंपुढे हात जोडले. "ताई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले? पाच मिनिटांत झालं, यावर हा पोरगा अडून राहिला म्हणून सापडलं. नोकरी वाचवायला तास म्हणाला असता, तर आजच सगळं पुसलं गेलं असतं."

मालूबाईने ते ऐकलं. ती उठली आणि सुलभाकडे पाहून कपाळावर बोट टेकवलं. सुलभाने नवी कुंकवाची पुडी फोडून समोर धरली. मालूबाईने चिमूट घेतली, गिरधरच्या कपाळावर ठसठशीत टिळा लावला आणि दोन्ही हातांनी त्याची दृष्ट काढून बोटं कडाकडा मोडली.

गिरधर तिच्या पाया पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निंबा पुन्हा आला. या वेळी खांद्यावर केळीचा अख्खा घड होता.