उत्कर्षाचा आजार

उजनी धरणाच्या फुगवट्यात, डाळजच्या बाजूला, बिरू सकाळी जाळी काढायला गेला होता. काठालगतच्या वेड्या बाभळीत कुणाचं तरी गाठोडं अडकलंय असं त्याला वाटलं. त्यानं होडी जवळ नेली. गाठोड्याला लांब केस होते.

सहायक पोलीस निरीक्षक रोहिणी देवकाते पोचली तेव्हा मुलीला काठावर आणून ठेवलं होतं. पंचविशीच्या आतली. अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा स्वेटर, सगळा चिखलानं माखलेला. काठावर एक पर्स होती. पर्समध्ये बारामतीजवळच्या एका नर्सिंग कॉलेजचं ओळखपत्र. उत्कर्षा सोनबा मारकड, एम.एस्सी. नर्सिंग, दुसरं वर्ष, राहणार वरकुटे.

"पोरीनं उडी टाकली मॅडम," हवालदार मानसिंग म्हणाले. "दुसरं काय असणार?"

"मोबाईल कुठंय?"

"पाण्यात गेला असंल."

"वरकुट्याहून बारामतीला जाणारी मुलगी डाळजला कशाला येईल? हा तिचा रस्ताच नाही."

मानसिंगांनी पाण्याकडे बघितलं. "मरायला निघालेल्याला रस्ता कसला मॅडम?"

प्रेत इंदापूरला शवविच्छेदनासाठी पाठवून रोहिणी तशीच बारामतीला निघाली.

कॉलेजच्या तळमजल्यावर, ग्रंथालयाच्या शेजारी, 'विद्यार्थी सहाय्य कक्ष' होता. आत गुबगुबीत खुर्च्या, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. समुपदेशक राजेश्वरी मॅडमचे डोळे आधीच लाल झाले होते. प्राचार्यांनी त्यांना बातमी सांगितली होती. अडचण अभ्यासाची असो की घरची, इथल्या मुली त्यांच्याकडेच येत.

"उत्कर्षा तुमच्याकडे यायची?"

"दर आठवड्याला. फार हळवी मुलगी. काटेवाडीच्या मुलाशी लग्न ठरलं होतं. पंधरवड्यापूर्वी त्यांनी मोडलं. तेव्हापासून ती खचलीच."

"शेवटची कधी भेटली?"

"गुरुवारी. तुम्ही बसलात त्याच खुर्चीत. मान वर करायला तयार नाही. मनगटाच्या पट्टीचे दोरे ओढत नुसती रडत होती. मी म्हटलं, दोन दिवस आईकडे जाऊन ये. शुक्रवारी गेली. मीच पाठवलं तिला." राजेश्वरींनी डब्यातला एक रुमाल ओढला. "आणि तिला तो त्रासही होता."

"कसला?"

"फिट यायच्या. लहानपणापासून. कुणाला सांगितलं नव्हतं तिनं. कदाचित तिनं उडी मारलीही नसेल हो. पाण्याजवळ असताना फिट आली असेल. घरच्यांना तेवढंच समाधान."

"मृतदेह ओळखायला येणार का?"

"नाही. मला नाही बघवणार."

उत्कर्षाची खोली वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर होती. तिच्या खोलीतली मैत्रीण सारजा खाटेवर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"राजेश्वरी मॅडमशी बोललीस का? मन हलकं होईल," रोहिणी म्हणाली.

"मी त्या खोलीत जात नाही."

"का?"

"जायचे आधी." सारजा भिंतीकडे बघत राहिली. "मागच्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं. मोडलं. उत्कर्षाताई म्हणायची, थोडं थांब, का मोडलं ते तुला दाखवते. मी म्हटलं, राहू दे. ती ऐकणारी नव्हती."

"शुक्रवारी घरी गेली तेव्हा कशी होती?"

"चांगली होती. जाताना माझी वेणी घालून गेली. आपल्याच हातानं."

"तिला फिट यायच्या?"

सारजानं पहिल्यांदाच रोहिणीकडे नीट बघितलं. "ताईला? दोन वर्षं एका खोलीत राहिलो. एकदाही नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?"

जिना उतरताना इंदापूरहून डॉक्टरांचा फोन आला.

"मॅडम, ही आत्महत्या नाही. मानेच्या मागं बोटांचे वळ आहेत. कुणीतरी डोकं पाण्यात दाबून धरलंय. मृत्यू रविवारी दुपारी उशिरा. आणखी एक, उजव्या मनगटावर भाजल्याची जखम आहे. अगदी ताजी. बाहीखाली होती म्हणून तुम्हाला दिसली नसेल. पण तिचा मरणाशी संबंध नाही."

काटेवाडीत रणजित गोठ्यात होता. धारेची वेळ झाली होती, यंत्राचा आवाज चालू होता. तो त्यानं बंद केला नाही. मानसिंगांनीच बटण दाबलं.

"लग्न का मोडलंत?" रोहिणीनं विचारलं.

"आजारी पोरगी गळ्यात मारत हुते आमच्या."

"कसला आजार?"

"फिट येत्यात तिला. आईला फोन आला हुता. बाईमाणूस हुतं. नाव न्हाय सांगितलं. म्हनली, तुमच्या भल्यासाठी सांगती, सून करायच्या आधी इचार करा."

"मग तुम्ही उत्कर्षाला विचारलं?"

"काय इचारायचं? खोटंच सांगितलं असतं की."

"तिनं फोन केला असेल तुम्हाला."

"केले. मी उचललं न्हाईत. 'फिट येनारी पोरगी नको' एवढा मेसेज टाकला."

"रविवारी कुठं होता?"

"चुलतभावाच्या लग्नात. पंगती वाढत हुतो. सगळ्या गावानं बघितलंय." मग त्याचा आवाज उतरला. "मॅडम, तिनं माझ्यामुळं जीव दिला का?"

"जीव दिला नाही. घेतला," रोहिणी म्हणाली. रणजित पंगतीत असल्याचं मानसिंगांनी गावातून खात्री करून घेतलं.

वरकुट्यात मयताला आलेली माणसं अजून अंगणात बसून होती. उत्कर्षाची आई प्रयागबाई मात्र स्वयंपाकघरात, विझलेल्या चुलीपुढं एकटीच बसली होती. नवरा मेल्यावर उरलेली मेंढरं विकून तिनं लेकीला शिकवलं होतं.

रोहिणी तिच्याशेजारी जमिनीवरच बसली. "मावशी, तिला लहानपणी फिट आल्या होत्या का?"

"न्हाय बया. साधा ताप कधी आला न्हाय तिला. सगळ्या गावाला इचारा."

"हाताला भाजलं होतं तिच्या?"

"व्हय. रविवारी सकाळी." प्रयागबाईनं चुलीकडं हात केला. "हितंच. दूध उतू चाललं म्हून भगुनं धरलं, ते कलांडलं मनगटावर. मी वराडले. तर मलाच हसली. म्हनली, आये, मी दुनियेच्या जखमा बांधती, माझी मला बांधता येत न्हाय व्हय? दाताखाली टोक धरलं आन् बांधली पट्टी. मग जेवली आन् इंदापूरच्या एस्टीत बसून गेली."

रोहिणीनं वहीत वार आणि वेळ टिपून घेतली.

"कुणी भेटणार होतं का तिला?"

"फोन आला हुता कुनाचा तरी. फोन ठेवल्यावर म्हनली, आये, आज सोक्षमोक्ष हुतोय. मी म्हनलं, कशाचा? तर म्हनली, आल्यावर सांगती."

दुसऱ्या दिवशी दुपारी रोहिणीनं सगळ्यांना सहाय्य कक्षात बोलावलं. प्राचार्य आले. सारजा दाराजवळ उभी राहिली. रणजित कोपऱ्यात, प्रयागबाई गुबगुबीत खुर्चीच्या कडेवर. राजेश्वरी मॅडम आपल्या नेहमीच्या जागी होत्या. मानसिंग दार लावून दाराला टेकले.

"उत्कर्षाला कोणताही आजार नव्हता," रोहिणीनं सुरुवात केली. "आई सांगते, खोलीतली मैत्रीण सांगते, शवविच्छेदनातही तसं काही सापडलं नाही. तरी दोन ठिकाणी तिच्या फिटची चर्चा होती. एक काटेवाडीला, रणजितच्या घरी. दुसरी इथं, या खोलीत. जो आजार नव्हताच, तो दोन ठिकाणी कसा पोचला?"

"मागच्या वर्षी सारजाचं लग्न मोडलं. तिनं एक गोष्ट फक्त इथं सांगितली होती, तीच सासरी पोचली. उत्कर्षाला संशय आला. पण सिद्ध कसं करायचं? तिनं या खुर्चीत बसून खोटं सांगितलं. मला फिट येतात, कुणालाच माहीत नाही म्हणून. हे खोटं तिनं दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. मग ती बघत राहिली, कुठून परत येतंय ते. आलं. तिच्याच होणाऱ्या सासरहून."

रणजितचं तोंड उघडं राहिलं. "म्हंजे... ती आजारी नव्हती?"

"इचारायचं हुतंस की लेका," प्रयागबाई म्हणाली. "वरकुटं काय लांब हाय?"

राजेश्वरींनी चष्मा काढून पुसला. "समजा, मी फोन केला. त्या घराला फसवायचं होतं का? आजारी मुलगी पदरात घेण्याआधी माणसांना कळायला नको? हा गुन्हा आहे?"

"तो गुन्हा आहे की नाही ते नंतर बघू. खुनाचं बोलूया. तुम्ही उत्कर्षाला शेवटचं कधी भेटलात?"

"सांगितलं ना. गुरुवारी."

"ती मनगटाच्या पट्टीचे दोरे ओढत होती म्हणालात."

"हो."

"ती पट्टी रविवारी सकाळी बांधली होती."

राजेश्वरींचा पुसणारा हात थांबला.

"वरकुट्यात, आईच्या चुलीपुढं. शुक्रवारी तिच्या हाताला काही नव्हतं, तिनं सारजाची वेणी घातली होती. मी सकाळी पुन्हा विचारून घेतलं. पट्टी पाण्यात गेली, जखम बाहीखाली झाकलेली. तुम्ही मृतदेह पाहिला नाही. अहवाल माझ्याशिवाय कुणी वाचलेला नाही. म्हणजे ती पट्टी तुम्ही रविवारीच पाहिलीत."

"माझ्या लक्षात राहण्यात चूक झाली असेल. किती मुली येतात."

"शक्य आहे. म्हणून काल संध्याकाळी तुमचा फोटो घेऊन मी डाळजच्या हायवेवरची हॉटेलं फिरले. एका ठिकाणच्या वेटरनं ओळखलं. हाताला पट्टी बांधलेली मुलगी डाव्या हातानं चहा पीत होती, समोर तुम्ही. तुमची गाडी त्यांच्या कॅमेऱ्यात आहे. इंदापूरच्या स्टँडवरून तुम्ही तिला गाडीत घेतलंत. हॉस्टेलवर सोडते, वाटेत निवांत बोलू, असं काहीसं सांगून."

राजेश्वरींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्या बोलल्या तेव्हा आवाज बदललेला नव्हता. मुलींशी बोलायचा तोच मऊ आवाज.

"मी समजूत घालायला नेलं होतं. तिनं लग्नाबद्दल मला फोनवर जाब विचारला होता. म्हटलं, पाण्याकाठी बसू, रडेल, शांत होईल. तिथं गेल्यावर म्हणाली, मॅडम, मला आजारच नाही. आणि हसली."

"हसली म्हणून मारलं?"

"उद्या सगळ्या मुलींना अंगणात गोळा करून सांगते म्हणाली. मोबाईलवर माझं बोलणं रेकॉर्ड करत होती; तो मी पाण्यात फेकला. इतकी वर्षं मुली माझ्यासमोर रडत आल्यात. माझ्यावर कुणी हसलं नव्हतं." त्यांनी प्रयागबाईकडे बघितलं. "मरताना नाही हसली."

प्रयागबाई उठली. तिनं हात उगारला नाही, ओरडली नाही. राजेश्वरीच्या तोंडासमोर तोंड नेऊन तिनं विचारलं, "माझं नाव घेतलं का तिनं?"

"सांगणार नाही," राजेश्वरी म्हणाल्या.

रोहिणीनं त्यांचा दंड धरून उठवलं.

व्हरांड्यात आणि अंगणात मुली जमल्या होत्या. पांढऱ्या ॲप्रनमधल्या, वॉर्डातून आलेल्या, वॉर्डात निघालेल्या. राजेश्वरी त्यांच्यामधून चालत गाडीपाशी आल्या आणि वळल्या.

"वेटरनं काय पाहिलं? दोन बायका चहा पिताना. मी आत जे बोलले ते कोर्टात चालणार नाही, तुम्हालाही माहीत आहे. मी मुलींची गुपितं फोडते, म्हणून उत्कर्षाला मारलं, हे सिद्ध करायला मुली लागतील. पिंजऱ्यात उभं राहून आपलं गुपित सांगणाऱ्या." त्यांनी सावकाश सगळ्यांवरून नजर फिरवली. "विचारा. कोण येतंय?"

रोहिणीनं विचारलं. "ज्यांचं ज्यांचं बोलणं या बाईनं बाहेर नेलं, त्यांचा जबाब मला हवाय. आत्ता."

मुलींनी माना खाली घातल्या. एकीनं ओढणीचं टोक तोंडात धरलं. दुसरी डोळे पुसत पाठमोरी झाली आणि निघून गेली. तिच्यामागून आणखी काही जणी. राजेश्वरी बघत होत्या. त्यांना प्रत्येकीचं जाण्याचं कारण माहीत होतं.

सारजा पायऱ्यांवरून खाली आली. अंगणाच्या मध्यावर थांबली.

"मला जन्मापासून गर्भपिशवी नाही," ती मोठ्यानं म्हणाली. "मला मूल होणार नाही. हे मी फक्त ह्या बाईला सांगितलं होतं. हिनं माझ्या ठरलेल्या सासरी फोन केला."

कुणीतरी मागं कुजबुजलं. सारजाचे कान लाल झाले, पण ती जागची हलली नाही.

"एकच?" राजेश्वरी म्हणाल्या.

मानसिंगांनी त्यांना आत ढकलून गाडीचं दार लावलं.

रोहिणी पायरीवर बसली आणि तिनं पॅड मांडीवर घेतलं. सारजा तिच्या शेजारी टेकली. तिनं हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले. उरलेल्या मुलीही एकेक करून कामावर निघून चालल्या होत्या.

"नुसतं सारजा लिहू नका मॅडम," ती म्हणाली. "पूर्ण नाव लिहा. वडिलांच्या नावासकट."