अर्ध्या पडद्यावरचा आकडा

चैतालीला दिवस मावळायच्या आत वर आणायचं होतं! तेवढ्यासाठीच तिघं कुरवंड्याहून दरीत उतरली होती.

चैताली ही रानातल्या किड्यांचा अभ्यास करणारी मुलगी. सकाळी एकटीच उतरली आणि घसरली. तिचा शेवटचा निरोप आला होता : ‘पाय मोडलाय. ओढ्यातल्या खडकावर आहे. पाणी वाढतंय.’ सोबत जागेचे आकडे. मग फोन बंद.

ते आकडे अनघाने हातातल्या जीपीएस यंत्रात भरून घेतले होते. ती खंडाळ्याला रेल्वेच्या सिग्नल विभागात कामाला. सुट्टीला बचाव पथकात. दोर तिच्या पथकातल्या पवनच्या खांद्यावर होता आणि पुढे होते कुरवंड्याचे हौशीराम आबा, सत्तरी ओलांडलेले, तरी उतारावर तरण्यांना मागे टाकणारे.

नागफणीच्या कड्यावरून धुकं असं ओघळलं, की चार पावलांवरचा पवनही दिसेना. चहूकडे धबधब्यांचा घोष. हाक मारली तर ती ओठांपाशीच विरायची. त्यातच पहिला ओढा ओलांडताना पवनचा पाय सटकला, पिशवी वाहून गेली आणि तिच्यासोबत दोघांचे फोनही गेले. उरलं ते यंत्र.

आणि त्याच्या पडद्यावर आडव्या रेघा उमटल्या! एक, दोन, दहा... मग काहीच नाही. नुसता फिकट उजेड.

“सेल संपले का?” पवनने घाबरून विचारलं.

अनघाने खिशातले नवे सेल घातले. यंत्र ‘टूं’ करून वाजलं, पडदा कोराच. बंद करून पुन्हा चालू केलं. कोराच!

“यंत्र चालू आहे,” ती म्हणाली. “आवाज येतोय, दिवा लागतोय. बिघाड पडद्यातच आहे.” तिने काचेचा कोपरा अंगठ्याने दाबला. रेघा थरथरल्या! “आतली जोडणी सैल झालीय. आबा, कोरडी जागा कुठे मिळेल?”

“हाय की. या हिकडं.”

आबांनी त्यांना एका कपारीत नेलं आणि अनघाच्या डोक्यावर आपली घोंगडी धरली. तिने सेल काढले, चाकूच्या टोकाने चार स्क्रू सोडवले. पडद्याची चपटी पट्टी खाचेतून निम्मी बाहेर आली होती आणि तिच्यावर पाण्याचे थेंब होते. आबांनी मुंडाशाची आतली, कोरडी घडी पुढे केली. आता पाणी कुठवर चढलं असेल? तिने पट्टी पुसली, खाचेत बसवली, ती पुन्हा हलू नये म्हणून मागे कागदाची घडी दाबली आणि झाकण लावलं.

पडदा उजळला! पण फक्त खालचा अर्धा. दिशा दाखवणारा बाण वरच्या अर्ध्यात होता, तो गेलाच. खाली एकच आकडा : ३१० मीटर.

“बाण नाही, पण अंतर आहे,” अनघा म्हणाली. “चालून बघू. आकडा उतरला तर वाट बरोबर!”

२९०. २४०. १८०! ती जवळजवळ धावूच लागली.

“थांब!”

आबांनी तिचा दंड धरून मागे ओढलं. पुढच्या पावलाखाली जमीन नव्हती. पायाखालून सुटलेला दगड धुक्यात गेला, तो गेलाच.

“आकडा उतरतोय, आबा...” तिने यंत्र त्यांच्यापुढे धरलं.

“आकड्याला कडा ठावं न्हाई, पोरी. आमाला हाय. डाव्या अंगाला घळ हाय, तितनं उतरू.”

आकडा वाढू लागला. २००. २६०. तरी अनघा आबांच्या मागे उतरत राहिली. घळ वळली. १५०. ९०. ४०! आणि पाण्याच्या आवाजातून शिट्टी आली. बारीक, दमलेली शिट्टी!

चैताली खडकावर बसून होती. पाणी तिच्या कमरेला लागलं होतं. पवनने दोर झाडाला बांधला, स्वतःला अडकवून घेतलं आणि ओढ्यात शिरला. आबा आणि अनघाने दोर ताणून धरला. तिघांनी मिळून तिला काठावर ओढलं, तेव्हा मागे खडकाचा फक्त माथा उरला होता.

तिला आळीपाळीने पाठीवर घेत, उजेड होता तोवर ती चौघं कुरवंड्यात पोचली. रुग्णवाहिकेत चढवताना चैतालीने अनघाचा हात सोडला नाही.

“ताई, तुमचे उपकार कसे...”

“मी आज त्या कड्यावरून गेलेच होते गं,” अनघा म्हणाली आणि वाकून आबांच्या पायांना हात लावला.

आबा संकोचून मागे सरले. “उपकार कसलं? आमच्या रानात आलेलं मानूस घरी गेलं पायजे, येवढंच.” मग ते चैतालीकडे वळले. “पाय बरा झाला की ये परत. किडं दावतो लय. पन मला हाक मारल्याबिगर उतरायचं न्हाई!”

रडता रडता चैताली हसली. “व्हय, आबा!”