विचारायला हरकत नाही

लाल पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यात निळ्या पुठ्ठ्याचा नकाशा निघाला, तेव्हा दुभाषीबाईंनी कपाळाला हात लावला. कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान एकच. त्यामुळे एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन देशांचे कागद एकाच यंत्रातून एकाच टेबलावर येऊन पडायचे. एका देशाचा पुठ्ठा लाल, दुसऱ्याचा निळा. दुकानदाराचा राग मात्र दोघांवर सारखाच, कारण पंधरा न्यायाधीशांसाठी पंधरा प्रती दोघांनाही कालच हव्या असायच्या.

नकाशा हातात घेऊन तिने मान वर केली. टेबलापलीकडे एक उंच, किडकिडीत मुलगा वाकून वाकून काहीतरी शोधत होता. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि त्याने छत्रीऐवजी फाईल डोक्यावर धरली असावी, कारण फाईलही ओली होती आणि केसही.

"हे शोधताय का?"

त्याचा जीव भांड्यात पडला. "वाचलंत?"

"वाचण्यासारखं काय आहे त्यात? समुद्र तर आहे. आमच्याही नकाशात हाच आहे."

"आमचा जास्त निळा आहे."

"आणि बेट तुमच्याकडे जरा जास्तच सरकलंय."

"वाऱ्याने सरकलं असेल…" तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त मिटायचा. हे तिने तेवढ्यातल्या तेवढ्यात टिपलं, आणि टिपल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

त्या बेटावर ती लहानाची मोठी झाली होती. बेट म्हणजे तरी काय? एक दीपगृह, एक विहीर आणि रखवालदाराच्या दोन खोल्या. रखवालदार म्हणजे तिचे बाबा. एकतीस वर्षं त्यांनी दिवा लावला, आई गेल्यावरही लावला, आणि नोकरी संपल्यावरही ते तिथेच राहिले, कारण दुसरीकडे कुठे राहायचं हे त्यांना माहीतच नव्हतं. शे-दीडशे वर्षांपूर्वी दोन राजांनी हद्दीचा करार केला, त्यात या खडकाचं नाव घालायचं राहून गेलं. कुणाचं काही अडलं नाही. मग समुद्राखाली गॅस सापडला आणि दोन्ही देशांना बेटाचा एकदम उमाळा आला.

दोन देशांचं भांडण आणि दोन चुलतभावांचं बांधावरचं भांडण यांत फरक एवढाच, की इथले वकील जास्त शिकलेले असतात. देशाला कुणी बेड्या घालत नाही. दोघांनी आधी लिहून द्यायचं, की निकाल लागेल तो मान्य. मग कोर्ट विचारतं, करारात नाव नाही तर मग तिथे कारभार कुणाचा होता? दिवा कुणी लावला? परवानगी कुणी कुणाकडे मागितली? आणि समोरचा हक्क सांगत होता तेव्हा गप्प कोण बसलं? गप्प बसलात म्हणजे तुम्हाला कबूल होतं, असं हे कोर्ट धरून चालतं.

बाबांच्या नोंदवह्या त्या बाजूच्या बेटांवरच्या जुन्या बोलीत होत्या. ती बोली लिहिता-वाचता येणारं आता कोणी उरलं नव्हतं, बाप-लेक सोडून. म्हणून लाल देशाने तिला दुभाषी नेमलं. बाबांची साक्ष होईल तेव्हा ती त्यांच्या शेजारी उभी राहून भाषांतर करणार होती. मुलगीच कशी, असा प्रश्न येणारच होता. पण निळ्या देशाने लेखी कळवलं, आमची हरकत नाही.

"ते पत्र मीच लिहिलंय," दुसऱ्यांदा भेटला तेव्हा तो म्हणाला. कोर्टामागच्या बागेत एक बाक होता, जेवणाच्या सुट्टीत तिथे ऊन यायचं. निळ्यांच्या थोरल्या वकिलांच्या हाताखालचा तो सगळ्यात धाकटा वकील. "'दुभाषीबाईंबद्दल आमची काहीही हरकत नाही.' तेव्हा तुम्हाला पाहिलं नव्हतं."

"पाहिलं असतं तर हरकत घेतली असती?"

"छे. अजून एक ओळ घातली असती…"

"कुठली?"

"ती पंधरा प्रतींत घालण्यासारखी नाही."

तिला हसू आवरेना. तिने त्याचं नाव निळोबा ठेवलं आणि चारच दिवसांत तुम्हीचं तू झालं. तो दोन कागदी कपांत कॉफी आणायचा, तिच्या कपात साखर न विसरता. ती घरून आणलेल्या डब्यातला निम्मा त्याच्यापुढे सरकवायची. पाऊस आला तर दोघं ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरच्या छपराखाली उभे राहायचे, मध्ये एक हात अंतर ठेवून. हे अंतर रोज थोडं कमी होत होतं आणि दोघंही ते न दिसल्यासारखं करत होते.

"कुणी पाहिलं तर?" ती एकदा म्हणाली.

"वाटाघाटी चालल्यात म्हणून सांगू. वाटाघाटीत बोललेलं कोर्टात वापरत नाहीत. जगभरचे देश हा नियम पाळतात."

"आणि आपण कसल्या वाटाघाटी करतोय?"

"ते अजून ठरायचंय…" तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

तेव्हापासून त्यांचं ते ठरूनच गेलं. काही मनातलं बोलायचं असलं की आधी 'वाटाघाटीतलं' म्हणायचं. वाटाघाटीतलं, मला तुझा आवाज आवडतो. वाटाघाटीतलं, काल तू आला नाहीस तर मला जेवण गेलं नाही. ती प्रेमात पडली होती, चांगली गळ्यापर्यंत. सकाळी आरशासमोर दोनदा केस बांधत होती आणि खटला लांबला तर बरं, असं त्या अख्ख्या इमारतीत तिला एकटीलाच वाटत होतं.

बाबांच्या साक्षीला चार दिवस उरले होते. बाकावर ऊन होतं. तो म्हणाला, "खरं सांग, आमच्या बाजूचं कधी कोणी आवडलंय तुला? माझ्याआधी?"

"तुझ्याआधी म्हणजे तू आवडतोस हे गृहीतच धरलंस का?"

"वकील आहे. एखादी गोष्ट पदरात पाडून घ्यायची असेल तर गृहीत धरूनच बोलतो."

"होता एक," ती म्हणाली. "मी नऊ वर्षांची होते." मग थांबली. ही गोष्ट तिने आपल्या वकिलांनाही सांगितली नव्हती. ती अडाणी नव्हती. नोंदवह्यांची हजारो पानं भाषांतर केलेल्या मुलीला कुठलं पान महागात पडेल हे कळत होतं. "वाटाघाटीतलं?"

"वाटाघाटीतलं," तो म्हणाला.

मग तिने सांगितलं. त्या हिवाळ्यात आई अंथरुणाला खिळली. बाबांनी आपल्या देशाच्या ऑफिसला तार केली. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी केली, तरी नाही. मग त्यांनी समोरच्या किनाऱ्यावर, निळ्यांच्या बंदरावर विचारलं. दोन तासांत बोट आली. बोटीतून एक माणूस उतरला, म्हणाला, तुम्ही बाईंना घेऊन जा, दिव्याचं मी बघतो. एकेचाळीस दिवस त्याने दिवा विझू दिला नाही. आई परत आली नाही. बाबा आणि ती परत आले, तेव्हा त्या माणसाने चूल पेटवून पाणी तापवून ठेवलं होतं आणि तिच्यासाठी लाकडाची एक होडी करून ठेवली होती. "मी त्याच्या कुशीत शिरून रडले. बाबांसमोर रडले नव्हते."

त्याने तिचा हात हातात घेतला, पहिल्यांदाच, आणि सुट्टी संपल्याची घंटा होईपर्यंत सोडला नाही. आपल्यासारखी सुखी मुलगी जगात नसेल, असं तिला त्या दिवशी वाटलं. वाटू दे. बिचारीला पुढचे तीन दिवस तेवढंच मिळायचं होतं.

बाबा साक्षीला आले ते कुणाचा तरी मागून आणलेला कोट घालून. बाह्या आखूड होत्या. मोठ्या दालनात पंधरा न्यायाधीश ओळीने बसलेले पाहून ते लेकीच्या कानात म्हणाले, "चिमणे, एवढी माणसं आपल्या बेटावर मावणार नाहीत गं." तिने हसू दाबलं आणि शपथ घेतली, की साक्षीदार बोलेल ते जसंच्या तसं सांगेन, कमी नाही, जास्त नाही.

उलटतपासणी सोपी गेली. निळ्यांचे थोरले वकील तेलाचं विचारत होते, वातीचं विचारत होते. बाबा उत्तरं देत होते, ती सांगत होती. लाल बाजूचे वकील खुर्चीत सैलावले. थोरले वकील कागद मिटून खाली बसायच्या बेतात होते. एवढ्यात ते मागे वळले आणि त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. निळोबाने होकाराची मान हलवली. अगदी एवढीशी. ज्या मानेवर तिची नजर रोज सुट्टीत खिळलेली असायची, ती हलली हे तिला दिसलं नसतं तरच नवल.

थोरले वकील पुन्हा उभे राहिले.

"तुमची पत्नी आजारी पडली त्या हिवाळ्यात तुम्ही बेटावर नव्हता. तेव्हा दिवा कोणी लावला?"

तिने प्रश्न सांगितला. स्वतःच्या बापाला, स्वतःच्या तोंडाने. बाबांचा चेहरा खुलला. इतकी वर्षं कुणी हे विचारलंच नव्हतं.

"त्यांचाच माणूस," बाबा म्हणाले. "मीच बोलावला. देवमाणूस होता. परत आलो तेव्हा त्यांच्या वहीत सही करून दिली, दिवा परत मिळाला म्हणून. आमच्या ऑफिसलाही सगळं लिहून कळवलं."

"तुमच्या ऑफिसने काय उत्तर दिलं?"

"काही नाही."

दालनात ही बोली समजणारी माणसं दोनच होती, एक बाबा आणि एक ती. 'दिवा परत मिळाला' याच्या जागी तिने 'दिवा नीट आहे' म्हटलं असतं, तर कोणाला कळलं नसतं. एका शब्दाचा खेळ होता. पण समोर आखूड बाह्यांचे बाबा उभे होते, जे उभ्या जन्मात नोंदवहीत एक खोटी वेळ लिहायला तयार झाले नव्हते.

"दिवा परत मिळाला," तिने कोर्टाच्या भाषेत सांगितलं. "आणि ऑफिसने काही उत्तर दिलं नाही."

व्हरांड्यात त्याने तिला गाठलं. हातात नेहमीसारखा कॉफीचा कागदी कप.

"मी एक शब्द बोललो नाही. शप्पथ. आमच्याकडे त्या बोटीवरच्या एका मेलेल्या नावाड्याच्या मुलाचं ऐकीव बोलणं होतं, बस. ती सहीची वही कधीच जळली. सर म्हणाले, उत्तर माहीत नसेल तर असा प्रश्न विचारायचा नसतो, म्हातारा नाही म्हणाला तर आपणच तोंडघशी पडू. आज वळून त्यांनी नजरेनेच एवढं विचारलं… विचारायला हरकत नाही ना?"

"आणि तू मान हलवलीस."

"काय करायला हवं होतं मी? नाही म्हणणं म्हणजे माझ्याच बाजूला फसवणं."

"आणि मला?"

तो एकदम म्हणाला, "माझं प्रेम आहे तुझ्यावर. हे वाटाघाटीतलं नाही. कुठेही सांगेन, कुणासमोरही."

तो खोटं बोलत नव्हता. तीच तर पंचाईत होती. लबाड असता तर चार शिव्या घालून मोकळी झाली असती. तिने त्याच्या हातातली कॉफी बाजूला केली आणि बाबांचा कोट परत करायचाय म्हणून निघून गेली.

निकाल पाच महिन्यांनी लागला. तेवढ्या दिवसांत त्याचे बावीस निरोप आले. तिने एकालाही उत्तर दिलं नाही आणि एकही पुसला नाही. निकालाच्या दिवशी बाप-लेक बेटावरच होते. मोबाईल खिडकीत टेकवून ठेवला होता आणि मुख्य न्यायाधीश निकालाची पानं वाचत होते, ते ती बाबांना सांगत होती. साक्षीदार क्रमांक दोन हा प्रामाणिक आणि विश्वासार्ह आहे. तो सरकारी नोकर होता, त्याने दुसऱ्या देशाकडून दीपगृह परत मिळाल्याची सही दिली, त्याच्या सरकारला हे कळवलं गेलं आणि ते सरकार गप्प राहिलं. अकरा विरुद्ध चार मतांनी बेट निळ्या देशाचं. लाल देशाने आपली माणसं एका वर्षात हलवावीत.

लाल देशाची तिथे दोनच माणसं होती.

बाबा भिंतीला टेकून बसले. त्यांनी विचारलं, "चिमणे, मी बोललो म्हणून गेलं का गं आपलं घर?"

पाच महिने तिने हा प्रश्न येऊ नये म्हणून देवाला साकडं घातलं होतं.

"नाही बाबा. मी बोलले म्हणून. त्यांना माहीत नव्हतं. मी आधी एकाला सांगितलं होतं."

"कुणाला?"

"त्यांच्या बाजूचा एक मुलगा होता."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"आवडायचा तुला?"

तिला वाटलं होतं, हे पहिल्यांदा सांगेन तेव्हा समोर तो असेल, एका डोळ्याने जास्त हसत. समोर बाबा होते आणि मोबाईलमधला आवाज अजून पुढची पानं वाचत होता.

"अजून आवडतो," ती म्हणाली आणि तोंडावर पदर घेऊन रडायला लागली.

बाबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. थोड्या वेळाने ते उठले आणि मोबाईल बंद केला.

"उद्यापासून सामान बांधायला घेऊ," ते म्हणाले. "आधी आईचं."