पंगतीवरचा निबंध

कारंजा गावच्या शिक्षक-प्रशिक्षणात भागवतच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, म्हणून सुकेशनी तिथं बसली. दुसरं काही कारण नव्हतं...

चौथीच्या मुलांना स्वतःचं मत मांडणारा निबंध कसा शिकवायचा, हा विषय होता. दोघांनी मिळून नमुन्याची सुरुवात लिहायची होती : ‘शाळेत रोज खेळाचा तास असावा का?’ भागवतनं झोकात लिहिलं, ‘खेळ हा जीवनाचा अविभाज्य भाग आहे.’

“सर, हे वाचून पोट्टे झोपतील ना!” सुकेशनी हसू दाबत म्हणाली आणि तिनं पेन घेतलं. ‘आमच्या मैदानात म्हैस बांधलेली असते. मग आम्ही खेळायचं कुठं?’

भागवत कागद सोडून तिच्याकडेच पाहत राहिला. तिनं उगाच पेनाचं टोपण लावलं... काढलं.

त्याची शाळा धनजच्या पलीकडे, त्याच्याच गावात. संध्याकाळी त्याचे फोन येऊ लागले. “आज एकानं लिवलं, ‘मोबाईल वाईट आहे, असं बाबा मोबाईल पाहता पाहता म्हणतात.’”

“पोरांचंच ऐकवता. तुमचं काय?”

“माह्यं... सुचून राह्यलं हळूहळू.”

एकदा मात्र त्याचा आवाज खाली गेला होता. गावजेवणात सगळ्यांची पंगत एकच असावी का, असा विषय त्यानं दिला होता. “एका पोरीनं सुरुवात केली, ‘आम्हाला बोलावणं येतं, पण सगळ्यांचं जेवण झाल्यावर. तोवर आई मला गोष्टी सांगते.’ मॅडम... त्या पंगतीत वाढायले मी होतो.”

सुकेशनी म्हणाली, “लहानपणी मी बी अशीच थांबत होती, सर.”

पुढच्या रविवारी एसटी स्टँडवर तो म्हणाला, “सुकेशनी, मले तुमच्यासंगं लगन करायचं हाये.”

“घरी सांगतलं?”

त्यानं मान खाली घातली.

“मंग मले बी सांगू नका.” ती वळली. घरी येईपर्यंत तिला समोरचा रस्ता धड दिसला नाही.

फोन बंद झाले. कपाशीची शेवटची वेचणी चालू असताना, एका दुपारी भागवत तिच्या दारात उभा राहिला — एकटाच. तिचे वडील, देवमन, खाटेवर बसले होते.

“बाबा, घरी सांगून आलो. आई रडून राह्यली. वडील म्हणाले, उंबरा चढू नको. तरी मले सुकेशनीशीच लगन करायचं हाये.”

देवमननं लेकीकडे पाहिलं. तिचे हात पिठानं भरले होते.

“मले बी,” ती म्हणाली.

देवमन उठले, दुपट्टा खांद्यावर टाकून चपला शोधू लागले.

“कुठं चालले, बाबा?”

“याईच्या घरी, याच्या बापाकडं. पोरीचा बाप हावो, मागणी घालाले नको?”

“ते बोलणार नाहीत तुमच्याशी,” भागवत म्हणाला.

“मी त बोलतो.”

सुकेशनीनं हात धुतले. “थांबा, मी बी येते.”

बसमध्ये ती दोघांच्या मधे बसली. धनज मागं पडलं तसं भागवतचं बोलणं थांबलं. तिनं वडिलांदेखत त्याचा हात हातात घेतला. देवमन खिडकीबाहेर पाहत राहिले. बस थांबली, तेव्हा सगळ्यात आधी तेच उतरले.