हैदराबादचा अर्ज

"ओ मॅडम, ह्यातल्या चार ओळी कुठं गेल्या?"

राजारामपुरीतल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जुलेखानं मान वर केली. समोर एक उंच, सावळा तरुण कागद फडकावत उभा होता. कृष्णात – पेठ वडगावच्या शेतकऱ्याचा मुलगा, विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकणारा. त्याचा सेमिनार तिनं कालच टाईप केला होता, आणि नजरचुकीनं मधल्या चार ओळी गाळल्या होत्या.

"माफ करा... पुन्हा करून देते."

पण तो वाचतच राहिला, मग एकदम हसला. "थांबा की! ओळी गेल्या तरी वाक्य जुळलंय. अर्थ तेवढा भलताच झालाय. अवो, माझा सेमिनार ह्याच्यावरच हाय!"

स्टूल ओढून तो सांगू लागला. "जनुकाचा निरोप पेशीत आधी लांबलचक लिहिला जातो. मग मधले तुकडे कापायचे, उरलेले जोडायचे. कुठला तुकडा ठेवला, कुठला गाळला, ते बदललं की त्याच जनुकातनं दुसरंच प्रथिन! उंदराच्या गळ्यातल्या ग्रंथीत एक, मेंदूत दुसरं."

"असं चुकून होतं?"

"पहिल्यांदा चुकूनच झालं असंल. पण जुनं प्रथिन बनतच राहतं आणि शेजारी नवं करून बघता येतं. कामाचं निघालं तर टिकतं. लाखो वर्षांत असंच साठत साठत जिवाला नवा गुण येतो."

"जुनं न मोडता नवं..." ती पुटपुटली. "माणसांत जमतं का हो असं?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "बघाय पायजे की करून."

जुलेखाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

मग कृष्णातला दर दोन दिवसांनी काहीतरी टाईप करायचं असायचं. "पावणं, आज काय आणलंत?" ती विचारी. एकदा त्यानं उसाला पाणी द्यायच्या वारांची यादीच आणली.

"हे कुणासाठी? उसाला वाचता येतं?"

"न्हाय. पर मला यायला निमित्त लागतंय की."

मधेच कधीतरी त्याचं 'तुम्ही' गळून 'तू' झालं. घरी मात्र दोघांनीही अवाक्षर काढलं नव्हतं.

त्र्याऐंशीच्या जानेवारीत त्यानं एक अर्ज आणला. हैदराबादच्या संशोधन संस्थेत ह्याच विषयावर पाच वर्षं काम करायचं. मुदत महिनाअखेरची.

"मला ऊसतोडीला गावी जायचंय. तूच टाक पोस्टात."

तिनं एकही चूक न करता अर्ज टाईप केला, पाकीट पर्समध्ये ठेवलं. पोस्ट दोन मिनिटांवर होतं. उद्या टाकू, ती रोज म्हणे. पाच वर्षं... एकदा गेलेला माणूस परत येतो का? आणि एक दिवस मुदत उलटून गेली.

तो परतला. "टाकलास न्हवं?"

तिनं पाकीट टेबलावर ठेवलं.

"विसरलीस?" त्यानं आशेनं विचारलं. हो म्हणाली असती, तर त्यानं विश्वास ठेवला असता.

"नाही. ठेवून घेतला. तुम्ही गेला असतात..."

तो ओरडला नाही. तेच तिला सोसवेना. पाकिटाचा दुमडलेला कोपरा त्यानं अंगठ्यानं सरळ केला आणि तो निघून गेला. तिनं तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

दुसऱ्या वर्षी त्यानं पुन्हा अर्ज केला, दुसरीकडून टाईप करून. निवड झाली. तो आज निघतोय हे त्याच्या मित्राकडून कळलं, तशी ती धावत स्टेशनवर गेली. तो आईबरोबर फलाटावर उभा होता.

"कोन रं ही?" आईनं, चिमणाबाईंनी विचारलं.

"टायपिंगच्या बाई हायत."

तो दोन पावलं बाजूला आला.

"मी चुकले," ती म्हणाली.

"जाऊ नको म्हणायचं होतंस की. थांबलो असतो का, म्हाईत न्हाय. पर मला इचारायचं तरी."

"प्रेम होतं म्हणून..."

"व्हतं?"

"हाय," ती म्हणाली.

गाडीनं शिट्टी दिली. काही बोलायला त्यानं तोंड उघडलं... पण चिमणाबाई हाका मारत होत्या. तो चढला. दारात उभा राहून तिच्याकडेच बघत राहिला, हात मात्र त्यानं हलवला नाही.

गाडी दिसेनाशी झाली. चिमणाबाईंनी पदरानं डोळे पुसले. शेजारी उभ्या असलेल्या पोरीचेही डोळे वाहताना बघून त्यांनी काही न विचारता तिचा दंड धरला.

"पाच वर्सं तर हायत," त्या स्वतःलाच समजावत म्हणाल्या. "मग येतंयच की माझं लेकरू घरला."

जुलेखाला तेवढंही म्हणता येईना.