घोलपकाकांचा बेडूक

जलशुद्धीकरण केंद्राच्या नियंत्रण कक्षात शेवडेबाईंनी पडद्यावरचा लाल आकडा दाखवला आणि सहलीच्या पोरांना केंद्र फिरवून दाखवणाऱ्या घोलपकाकांचं हसू जागच्या जागी विरलं.

"खाणवस्ती, शून्य. आज संध्याकाळी तहानगणक त्यांची लाइन कायमची बंद करणार."

"शून्य? बाई, माझी लेक राहते तिथं! हंड्यांवरून डोकी फुटतात!"

"मीटर खोटं बोलतात, काका. कुठं गळती, कुठं चोरी. म्हणून गणक थेट माणसाची तहान मोजतो. सहलीची पोरं दोन तास उन्हात टाक्यांभोवती फिरतात, मग आपल्या नळावर येतात. नळावरचा कॅमेरा चेहरा ओळखतो आणि प्रत्येक घोट ज्याच्या त्याच्या वस्तीच्या नावावर टाकतो. तहान नाही तिथलं पाणी, तहान आहे तिकडं वळवतो. खाणवस्तीच्या पोरांनी सहा वर्षांत एक घोट घेतलेला नाही."

काकांचा हात खिशात गेला. खिशात रबरी बेडूक होता.

सहा वर्षांचा नेम होता तो. गाळाची टाकी दाखवायची, "हेच पाणी बरं का!" म्हणायचं आणि पेल्यात हळूच बेडूक सोडायचा. पोरं किंचाळत बसकडे पळायची, काका पोट धरून हसायचे. बड्या शाळांनी एकदा तक्रार केली, तेव्हापासून त्यांच्यापुढे बेडूक खिशातच राहायचा. खाणवस्तीचं कोण तक्रार करतंय?

"तुम्ही हातानं बदला ना आकडा!"

"माणसाचा हात लागू नये म्हणूनच तर गणक बसवला. त्यांचीच बस आलीय बघा. चार पोरं प्यायली तरी लाइन वाचेल."

काकांनी बेडूक कचऱ्यात फेकला.

दोन तासांनी चौथीचा वर्ग नळापाशी उभा होता. ओठ सुकलेले, चेहरे लालबुंद. सगळ्यांत पुढं काकांची नात मैना.

"या रे, प्या पोटभर! थंडगार आहे."

कुणी हललं नाही.

"बेडूक कुठंय, काका?" मागून आवाज आला.

"आज नाही. आईशप्पथ!"

"आमच्या दादालापण आईशप्पथच म्हणालेले!"

वर्ग खिदळला. काका गुडघ्यांवर बसले. "मैने, तू तरी पी गं. तुझ्या पाया पडतो."

मैनेनं आजोबांना डोळा मारला. तो मारायला त्यांनीच शिकवलेलं. मग वळून ओरडली, "कुणी पिऊ नका रे! आमचे आजोबा रडायचं सोंग लई भारी करतात!"

काका खरंच रडत होते.

"हे बघा, मी पितो!" एक पेला, दुसरा, पाचवा. सदरा भिजला, ठसका लागला. पोरांनी टाळ्या पिटल्या.

भोंग्यातून शेवडेबाई किंचाळल्या, "काका, थांबा! तुमचे घोट तुमच्या वसाहतीच्या नावावर पडतायत! गणक खाणवस्तीचं पाणी तिकडंच वळवतोय!"

काकांच्या हातून पेला सुटला.

"बाईपण यांच्या सोंगात सामील! बाटल्या काढा रे आपापल्या," मास्तर म्हणाले. घरून आणलेलं तळाचं पाणी पोरांनी पुरवून पुरवून प्यायलं. मैनेनं स्वतःची बाटली आजोबांपुढं धरली. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

बस निघाली. खिडकीतून मैना ओरडली, "आजोबा, या वेळी तुम्हीच फसलात!"